गॅरेजमधला कामगार आणि त्याचे आरोग्य
(मंडळाच्या वाचनालयात सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हाला दिलेला विषय होता 'बँकेच्या परीक्षा आणि आपले विद्यार्थी'. त्या विषयावर आम्ही याच ठिकाणी दोनदा बोललो आहोत. तीच पुस्तके, तोच अभ्यासक्रम, तोच उपदेश. तिसऱ्यांदा ऐकून तुमचा काही फायदा नाही. म्हणून सरचिटणीसांची परवानगी घेऊन यंदा आम्ही विषय बदलला. मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये राबणाऱ्या आपल्या माणसांच्या तब्येतीविषयी आज बोलावयाचे आहे.

आमचा यात अधिकार काय, असे कोणी विचारील. आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटासाठी बँकेत कारकून. डॉक्टरकीशी आमचा संबंध नाही. परंतु ज्या घरात आम्ही वाढलो, ते घर गॅरेजच्या पगारावर चालले. आज जे सांगणार आहोत त्यातले काही डोळ्यांनी पाहिलेले आहे, आणि बाकीचे वाचून, जाणकारांना विचारून समजून घेतलेले आहे.

दरवर्षी आपण दहावी-बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलांचा सत्कार करतो. वही, पेन, गुलाबाचे फूल. जी मुले नापास झाली ती कोठे गेली, याची यादी आपण कधी केली नाही. वस्तीत कोणत्याही दारात उभे राहून विचारा, "धाकटा काय करतो?" उत्तर येते, "गॅरेजला जातो." आई ते जरा समाधानानेच सांगते. पोरगा रिकामा फिरत नाही, हातात कला येते आहे, उद्या स्वतःचे काही टाकील. तिचे चुकत नाही. कुर्ला-कलिन्याच्या सी. एस. टी. रोडने चालत गेलात तर ओळीने गॅरेजे लागतात, आणि त्यांतल्या कित्येक मालकांनी पाने धुण्यापासूनच सुरुवात केलेली असते.

आमचे थोरले बंधू असेच गेले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या वडिलांची गिरणी जी बंद झाली ती त्यांच्यापुरती कायमचीच. दादा तेव्हा शाळेत होता. दोन वर्षे कशीबशी गेली, मग चौदाव्या वर्षी त्याला एका उस्तादाच्या हाताखाली ठेवले. पुढे आमच्या कॉलेजच्या फीचा एक-एक रुपया त्याच्या हातून आला. त्या नोटांना पेट्रोलचा वास यायचा. लहानपणी आम्हाला तो वास आवडत असे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पहिली दोन वर्षे पोऱ्याचे काम म्हणजे सुटे भाग धुणे. पत्र्याच्या ट्रेमध्ये पेट्रोल नाहीतर रॉकेल ओतायचे, त्यात ब्रश बुडवून काळे तेल काढायचे, दिवसभर हात त्यातच. संध्याकाळी लाकडाच्या भुशाने हात चोळायचे आणि शेवटी पुन्हा पेट्रोलनेच स्वच्छ करायचे. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे, आणि ते ज्या रूपात मिसळत त्या रूपात ते कातडीतूनही शरीरात शिरते. २००० साली आपल्या देशात शिशाचे पेट्रोल बंद झाले. जगाच्या पाठीवर शेवटचा देश अल्जीरिया, तेथे ते २०२१ मध्ये थांबले. म्हणजे आजच्या पोऱ्याला तो एक त्रास नाही. पण पेट्रोलमध्ये बेंझिन असतेच. आता त्याचे प्रमाण एक टक्क्याच्या वर असू नये असा नियम आहे, पूर्वी ते पुष्कळ जास्त असे. हे बेंझिन हाडांच्या आतल्या मगजावर, म्हणजे जेथे रक्त तयार होते तेथे, घाला घालते. रक्त कमी होणे, आणि वर्षानुवर्षे संबंध आला तर रक्ताचा कर्करोग, हे त्याचे परिणाम जगभरच्या शास्त्रज्ञांनी निःसंशय मानलेले आहेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, गाडीखालच्या खड्ड्यात साचते, आणि त्याच खड्ड्यात उतरून माणूस मान वर करून काम करीत असतो.

नळी तोंडात धरून टाकीतले पेट्रोल ओढणे हा तर आपल्याकडे कसबाचा भाग समजतात. घोट घशाखाली जाण्यापेक्षा तो फुप्फुसात जाणे अधिक वाईट, आणि थोडाही गेला तरी फुप्फुसाला सूज येते. कोणी पेट्रोल गिळले तर त्याला मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरते. सरळ दवाखाना गाठावा. एवढे एक वाक्य आज लक्षात राहिले तरी आमचे येथे येणे वाया गेले नाही असे समजू.

ब्रेकचे काम पाहिले आहे का? चाक काढले, ड्रम काढला की आत राखाडी भुकटी असते. ती झटकायची आणि कंप्रेसरची हवा मारायची, एका क्षणात साफ. ती भुकटी घासल्या गेलेल्या लायनरची. अनेक वर्षे लायनर आणि क्लच प्लेट यांत ॲस्बेस्टॉस घालीत असत, कारण ते तापूनही जळत नाही. पुढे पुष्कळ कंपन्यांनी ते सोडले, पण आपल्या देशात ॲस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदी नाही, आणि स्वस्तातल्या मालात ते असू शकते. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. छातीत गेले की बाहेर येत नाहीत. रोग दिसायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षे लागतात. तोपर्यंत गॅरेज बदललेले, उस्ताद वारलेला आणि माणूस गावी गेलेला असतो. ओल्या फडक्याने ड्रम पुसला तर हा धोका पुष्कळ कमी होतो. त्याला खर्च पाण्याचा.

जळक्या ऑइलबद्दल सभेत जरा संकोचाने बोलावे लागते, परंतु बोलतो. तेलाची चिंधी पॅन्टच्या खिशात ठेवायची सवय प्रत्येकाला असते. ते तेल कापडातून झिरपून जांघेच्या कातडीला लागत राहते. इंग्लंडमध्ये १७७५ साली पर्सिव्हल पॉट नावाच्या शस्त्रवैद्याने धुराडी साफ करणाऱ्या पोरांना नाजूक जागी होणारा कर्करोग काजळीमुळे होतो असे दाखवून दिले. पुढे सूतगिरण्यांतल्या कामगारांना यंत्राच्या तेलाने तेच होते असे आढळले. जळक्या ऑइलात काजळी आणि तेल दोन्ही असते. चिंधी खिशात ठेवू नका, याहून जास्त आम्ही सांगत नाही.

बंद शटरच्या आत इंजिन चालू ठेवून काम करणे, विशेषतः पावसात, हे तर जिवावरचे. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोके दुखू लागले की माणसाला वाटते उपाशी आहोत म्हणून दुखते. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. बॅटरीच्या प्लेटा वितळवणारे आणि रेडिएटरला डाग देणारे यांना शिशाचा त्रास अजूनही आहे. पोट मुरडते, अंगातले रक्त उतरते, मनगट लुळे पडते. त्यांनी कामाचे कपडे घरी आणून लहान मुलांच्या कपड्यांत धुवू नयेत. मुलांच्या मेंदूला फार थोडे शिसेही पुरते.

आता रंगकामाकडे येतो, कारण आमच्या दादाचे आयुष्य त्यात गेले.

डेंटरने पत्रा सरळ केला की पुट्टी भरायची, पॉलिश पेपरने घासायची आणि स्प्रे मारायचा. पूर्वी ड्यूको रंग असे, त्यात थिनर. थिनरने डोके गरगरायचे, जेवण जात नसे, रात्री चिडचिड व्हायची. पुढे नव्या गाड्या आल्या आणि त्यांच्याबरोबर टू-के रंग आला. रंगाच्या डब्याबरोबर हार्डनरचा लहान डबा येतो, दोन्ही मिसळून मारले की रंग काचेसारखा चकाकतो. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते. थिनर निदान वास देऊन सावध तरी करतो. याचा वास येऊ लागतो तेव्हा हवेत ते प्रमाणाबाहेर झालेले असते. शरीराला एकदा त्याचे वावडे निर्माण झाले की मग थोडासा फवाराही दम लावतो, आणि ते वावडे सहसा जात नाही. आणखी एक गोष्ट अशी की त्रास कामावरच होईल असे नाही. काम दुपारी, खोकला रात्री दोन वाजता. मग माणूस म्हणतो, उशी बदला, पंखा बंद करा.

दादाचे तसेच झाले. रात्री उठून बसायचा. आम्ही त्याला एका सरकारी रुग्णालयात घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारले, "विडी-सिगारेट?" दादा म्हणाला, "नाही साहेब, कधीच नाही." "घरात कोणाला दमा?" "आजीला होता म्हणतात." झाले. कागदावर दमा लिहिला, पंप दिला. पुढच्या वेळी तेच. त्यापुढच्या वेळी दुसरे डॉक्टर, तेच. डॉक्टरांना दोष देऊन उपयोग नाही, बाहेर दोनशे माणसांची रांग होती.

मे महिन्यात दादा महिनाभर गावी राहिला. पंप पिशवीतून काढावा लागला नाही. विहिरीपर्यंत चालत जाऊ लागला, पंक्तीला वाढायला उभा राहिला. आम्ही सगळे म्हणालो, गावची हवा चांगली. परत आला, सोमवारी कामावर गेला आणि बुधवारी रात्री पुन्हा उठून बसला. आम्ही म्हणालो, मुंबईची हवा वाईट. पदवीधर माणूस घरात असून आमच्या डोक्यात आले नाही की वस्तीतली हवा तर आम्हीही घेतो. मग फरक कोणत्या हवेचा?

एका संध्याकाळी आम्ही त्याची सगळी कागदपत्रे पुढ्यात घेऊन बसलो. सवय बँकेची, रकाना रिकामा दिसला की नजर तेथे जाते. नाव भरलेले, वय भरलेले, पत्ता भरलेला. व्यवसाय, हा रकाना सात कागदांवर कोरा. आमच्या बँकेत खाते उघडताना व्यवसाय लिहिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. पन्नास हजारांच्या कर्जासाठी आम्ही माणसाला चार वेळा विचारतो, धंदा कोणता, किती वर्षांचा, जागा कोणाची. आणि त्याच्या छातीचा प्रश्न आला तेव्हा कोणी एकदाही विचारले नाही, आणि आम्हीही सांगितले नाही.

इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जुन्या वैद्यांनी रोग्याला विचारायचे प्रश्न घालून दिले होते, त्यांत त्यांनी एकाची भर घातली, की तू काम काय करतोस. या गोष्टीला तीनशेहून अधिक वर्षे झाली.

हा प्रश्न विचारला की काय होते त्याचा दाखला अमेरिकेतला आहे. कॅलिफोर्नियात १९९९-२००० च्या सुमारास मोटार मेकॅनिकांचे हातपाय बधिर होऊ लागल्याची प्रकरणे पुढे आली. पहिला तरुण वयाचा होता. कामाची चौकशी झाली तेव्हा कळले की ब्रेक साफ करायचा जो स्प्रे ते रोज डबेच्या डबे वापरीत, त्यात हेक्झेन नावाचे द्रव्य होते आणि ते नसा मारते. कामाचा प्रश्न निघाला नसता तर ते तरुण निरनिराळ्या दवाखान्यांत निरनिराळ्या नावांचे रोगी म्हणून राहिले असते. हे वाचले तेव्हा आम्हाला आमच्या कौंटरवरचा एक खातेदार आठवला. गॅरेजमधला माणूस. त्याची सही नमुन्याशी जुळेना म्हणून आम्ही त्याची पैसे काढायची स्लिप दोनदा परत केली होती. तो म्हणाला, "साहेब, बोटं बधिर झालीत, पेन धरवत नाही." त्याचे कारण स्प्रेच, असे आम्ही म्हणणार नाही. मधुमेहानेही बोटे बधिर होतात. पण डॉक्टरांना काय काम करतोस ते सांगितलेस का, असे पुढे एकदा विचारले तेव्हा तो नुसता हसला.

कायदा काय म्हणतो? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते हे आपणांस ठाऊक आहे. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तो त्या काळातल्या कामाने. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर यांचा अहवाल १९४४ चा, आणि त्या पायावर १९४८ मध्ये राज्य विमा कायदा झाला. त्याच वर्षीच्या कारखाने कायद्यात दुरुस्ती हेही उत्पादनाचे काम धरलेले होते, आणि धंद्यापासून होणाऱ्या रोगांची यादीही जोडलेली होती. मग आपला माणूस सुटला कोठे? आकड्यात सुटला. यंत्रावर चालणाऱ्या जागेला दहा कामगारांची अट होती. २०२० च्या नव्या संहितेने ती वीसवर नेली. आपल्या गॅरेजमध्ये माणसे किती? उस्ताद, दोन मिस्त्री, एक पेंटर, एक पोऱ्या. पाच. तेथे हजेरीपट नाही, पगाराची चिठ्ठी नाही, विम्याचे कार्ड नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला की कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. त्याच निकालात मालकांना सांगितले की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर पंधरा वर्षे, यांपैकी जे उशिरा संपेल तोपर्यंत जपून ठेवावी. चाळीस वर्षे का, ते लायनरच्या गोष्टीवरून तुमच्या लक्षात आले असेल. आमच्या दादाला कामाला लागून चाळीस वर्षे झाली. त्याच्या नावाची नोंद कोणत्याही वहीत नाही. तो रंगकाम करीत होता याचा पुरावा म्हणजे रस्त्यावरून फिरणाऱ्या गाड्या.

येथे कोणी म्हणेल, मालक नालायक आहेत. तसे सरसकट म्हणवत नाही. दादाचा उस्ताद त्याच धुळीत उभा असे आणि तोही खोकतच गेला. भाड्याची जागा, वर पत्रा, गिऱ्हाईक म्हणते उद्या गाडी पाहिजे. त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तर ऐकले असते की नाही ते आम्हाला सांगता येत नाही. पण आता आपल्यातलेच तरुण कर्ज काढून गॅरेज टाकतात. आमच्या टेबलावरून अशा कर्जाचे बरेच अर्ज गेले. कोटेशनमध्ये कंप्रेसर असतो, वेल्डिंग सेट असतो, स्प्रे गन असते, नावाची पाटीही असते. हवा बाहेर टाकणारा पंखा आम्ही एकातही पाहिला नाही. तो घाला. कर्जाच्या रकमेत तो फार मोठा नाही आणि बँक त्याला नाही म्हणत नाही.

तोंडाला रुमाल बांधला की झाले, ही समजूत सोडा. रुमाल रंगाचा थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. करोनाच्या वेळी आपण जे एन-९५ मास्क घेतले ते घासकामाच्या धुळीला चांगले, थिनरच्या वाफेला निरुपयोगी. वाफेसाठी डबी लावलेला मास्क वेगळा मिळतो, आणि डबी ठरावीक काळाने बदलावी लागते. हार्डनरच्या रंगाला तोही पुरत नाही, नळीने बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. तो महाग आहे हे खरे. ज्याला तो परवडत नाही त्याने टू-के रंगाचे काम मोठ्या बूथवाल्याकडे पाठवावे, पैसे कमी सुटतील. आणि गन थांबली म्हणजे हवा साफ झाली असे नाही. न दिसणारे कण काही मिनिटे तरंगत असतात, पुष्कळ पेंटर नेमके तेव्हाच मास्क काढतात.

विद्यार्थी मित्रांनो, चौदा वर्षांखालच्या मुलाला, घरच्या धंद्यासारखे अपवाद सोडले तर, २०१६ च्या दुरुस्तीनंतर कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. गॅरेजचे नाव तर त्या कायद्याच्या यादीत आधीपासूनच घातलेले होते. तुमच्या वर्गातला कोणी शाळा सोडून पाने धुवायला गेला असेल तर आम्हाला सांगा. चुगली होईल म्हणून भिऊ नका. आम्ही त्याच्या घरी जाऊन बोलतो, फीचा प्रश्न असेल तर मंडळ आहे.

दादाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. पुढच्या खेपेला आम्ही केसपेपरवर स्वतःच्या पेनने लिहिले, 'व्यवसाय : मोटारीचे स्प्रे रंगकाम, तीस वर्षांहून अधिक. गावी गेल्यावर त्रास थांबतो.' डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ते वाचले, पेन खाली ठेवले आणि दादाला बसायला सांगितले. वीस मिनिटे त्या हार्डनरबद्दलच विचारीत होत्या. फुंकर मारायच्या यंत्रावर तपासणी केली, कामावर असताना आणि सुट्टीत असे दोन्ही वेळचे आकडे लिहून आणायला सांगितले. आकड्यांनी सांगायचे ते सांगितले. दादाने गन खाली ठेवली. फुप्फुसाचे गेले ते परत आले नाही, पण रात्री झोप लागते. आता तो एका स्पेअर पार्टच्या दुकानात माल मोजून देतो, पगार पूर्वीच्या निम्मा. त्याबद्दल तो आमच्याशी बोलत नाही.

वाचनालयात आजपासून आम्ही एक वही ठेवली आहे. नाव, वय, गॅरेजमधले काम कोणते, किती वर्षे, कोणते रसायन हाताळता, त्रास काय आणि सुट्टीत कमी होतो का, एवढे रकाने आखले आहेत. लिहिलेल्याची एक प्रत तुमच्या हाती देऊ, ती दवाखान्यात न्यायची आणि विचारण्याची वाट न पाहता डॉक्टरांसमोर ठेवायची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे आम्ही लिहून घेऊ. रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही येथे असतो. गॅरेजे रविवारीही निम्मा दिवस चालू असतात याची आम्हाला कल्पना आहे, म्हणून बुधवारी रात्री नऊनंतरही दार उघडे ठेवू.